बसपोर्टाचा थाट आणि फाट्यावरचा प्रवासी

एस.टी. स्थानकांना विमानतळाचे रूप देण्याची भाषा गेल्या दशकात राज्यकर्त्यांच्या तोंडी इतकी रुळली आहे की, ‘बसस्थानक’ हा साधा शब्दही त्यांना कमीपणाचा वाटावा. आता ‘बसपोर्ट’ हवे! दर्शनी भागाला काच, आत थंडगार प्रतीक्षालय, खाण्यापिण्याची दालने आणि डोक्यावर व्यापारी गाळ्यांचे मजले. खेड्यातून आलेल्या बाईला स्वच्छ शौचालय आणि पंख्याखाली बसायला बाक मिळू नये, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. वाद आहे तो वेगळाच. या इमारती कोणाच्या जमिनीवर उठणार, त्यांतला नफा कोणाच्या खिशात जाणार आणि इमारतीपर्यंत जो पोहोचतच नाही त्या प्रवाशाचे काय, हा तो वाद होय.

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा घ्यावा. मंठ्याहून सेलू, पाथरी, सोनपेठ, परळी, अंबाजोगाई करीत लातूरकडे उतरणारा ५४८ ब क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग या फाट्यावरून जातो आणि येथूनच दुसरी वाट जिंतूरला फुटते. जालन्याच्या बाजारासाठी, जिंतूरच्या कचेरीसाठी, सेलूच्या रेल्वेसाठी येथे गाडी बदलावी लागते. मराठवाड्यातील खरी प्रवासी वाहतूक अशा फाट्यांवरच चालते. तेथील प्रतीक्षालय म्हणजे चहाच्या टपरीपुढचे बाकडे, चौकशी खिडकी म्हणजे टपरीचा मालक आणि वेळापत्रक म्हणजे त्याचा अंदाज. स्त्रियांनी तासन् तास काय करावे, हा प्रश्न कोणत्याही आराखड्यात येत नाही. कारण आराखडे मोक्याच्या जागांचे होतात आणि फाट्यावरच्या जागेला विकासकाच्या लेखी भाव नसतो.

यात नवल नाही. खाजगी विकासकाच्या भागीदारीचे तत्त्वच असे आहे की, जेथे गाळ्याला भाडे तेथेच प्रवाशाला सावली. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने महामंडळाच्या जमिनी ४९ अधिक ४९, म्हणजे ९८ वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने देण्याचा मार्ग मोकळा केला. सार्वजनिक वाहतुकीसाठी सार्वजनिक हक्काने मिळालेली जमीन तीन पिढ्या दुसऱ्याच्या ताब्यात राहणार असेल, तर तिला हस्तांतरण म्हणायचे की विक्री, हे शब्दकोशवाल्यांनी ठरवावे.

महामंडळ तोट्यात आहे, म्हणून हे करावे लागते, असा यावर युक्तिवाद होतो. तोटा खराच आहे. संचित आकडा दहा हजार कोटींच्या पुढे गेला आहे. पण तो कसा साचला? एस.टी.च्या तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर घेणारे सरकारच. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास (२०२२) आणि स्त्रियांना निम्मे भाडे (२०२३) जाहीर करणारेही तेच. या सवलती योग्यच आहेत, त्यांनी लाखो बायकांना घराबाहेर काढले. परंतु त्यांची भरपाई वेळेवर न मिळाल्यास पगार आणि डिझेल यांची ओढाताण महामंडळाच्या गळ्यात पडते. २०२१ च्या दिवाळीत सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत चिघळलेल्या संपामागे अशीच ओढाताण होती. त्या सहा महिन्यांत फाट्यावरचा प्रवासी वडाप जीपच्या हवाली झाला. त्यातला कितीतरी प्रवासी परत आलाच नाही.

मोठे स्थानक म्हणजे सोय, हे समीकरणही तपासून पाहावे. चेन्नईजवळ किलांबाक्कम येथे ३० डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ८८ एकरांवरील भव्य स्थानक सुरू झाले. वाहनतळ, निवासकक्ष, दवाखाना, सारे काही तेथे होते. नव्हते ते रेल्वे स्थानक. शहराच्या मध्यापासून तीसएक किलोमीटरवर उतरलेल्या माणसाला घर गाठण्यासाठी पुन्हा दुसरी बस शोधावी लागली. आणि पुण्याचे स्वारगेट? फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे उभ्या बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. ते स्थानक काही आडवाटेचे नव्हते. तेथे उणीव होती ती पहाटेच्या वेळी जागत्या, जबाबदार माणसाची.

१९४८ च्या १ जूनला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी सुटली. हैदराबाद संस्थानात तर त्याही आधी, १९३२ पासून, निजामाच्या रेल्वे खात्याने २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा चालविली होती. सरंजामी राजवटीलाही जे जमले ते लोकशाही सरकारला परवडत नाही, हे ऐकून घेण्याची सवय आता मोडली पाहिजे. ‘रस्ता तेथे एस.टी.’ ही महामंडळाचीच घोषणा होती.

सेलू व जिंतूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांना बसपोर्टाच्या विरोधात फलक धरून उभे राहण्याचे कारण नाही. जिंतूर आणि पाथरीच्या आगारांत जाऊन त्यांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात : जलद गाड्यांना फाट्यावर अधिकृत थांबा, पाण्यासह स्त्रियांचे शौचालय, दिवा आणि शेवटच्या गाडीची वेळ लिहिलेला फलक. यांतल्या एकाही गोष्टीला विकासक लागत नाही. नकार आला तर तोही लेखी घ्यावा आणि पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा.