रात्री नऊचा वेग जाहीर करायला लावा

मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली



शंभर एमबीपीएसचा प्लॅन असलेल्या घरात रात्री व्हिडिओ अडखळू लागला की कस्टमर केअरचे उत्तर ठरलेले असते : राउटर बंद करून पुन्हा चालू करा. दोष घरातलाच, हे त्यात गृहीत धरलेले असते. पुष्कळदा तो घरातला असतोही. ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय सिमेंटच्या दोन भिंतींपलीकडे क्षीण होतो, २.४ चा पोहोचतो, पण शेजारपाजारच्या राउटरांच्या गर्दीत अडकतो. लॅन केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एक तुटली, तरी गिगाबिटची जोडणी मुकाट्याने शंभर एमबीपीएसवर येऊ शकते. पण घरातला दोष वेगळा काढणे अवघड नाही. वाय-फाय बंद करायचा, लॅपटॉप चांगल्या केबलने थेट राउटरला जोडायचा, बाकी उपकरणे काढायची आणि वेग पहाटे एकदा, रात्री नऊला एकदा मोजायचा. पहाटे पूर्ण मिळणारा वेग रात्री रोज निम्म्यावर येत असेल, तर त्यात भिंतींचा दोष नाही. गर्दी कंपनीच्या जाळ्यात आहे.

ही गर्दी होते कशी, हे आपण जाणताच. नेहमीच्या जीपॉन फायबरवर सुमारे अडीच गिगाबिटची एकच वाट बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेली असते. पुढे कंपनीच्या बाहेर जाणाऱ्या जोडण्याही सामायिकच. वाटून घेतल्यामुळेच ब्रॉडबँड परवडते, तेव्हा त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो किती वाटले हे लपवण्याला. जाहिरातीतल्या ‘अप टू’मुळे रिकाम्या रस्त्यावरचा वेग विकता येतो आणि भरल्या रस्त्याची जबाबदारी टाळता येते. त्यात स्पीड टेस्टचा सर्व्हर कंपनीच्याच जाळ्यात असला, तर आकडा छान दिसतो आणि बाहेरची कोंडी दिसतच नाही.

ट्रायच्या २००६ च्या नियमावलीत घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक मिळावा असा निकष होता, पण तो कंपनीच्या नोडपासून ग्राहकापर्यंतच्या टप्प्यापुरता. ब्रिटनमध्ये २०१८ पासून जाहिरातीतला सरासरी वेग रात्री आठ ते दहा या वेळेत किमान निम्म्या ग्राहकांना मिळावा लागतो. तिथल्या ऑफकॉम या दूरसंचार नियामकाच्या ऐच्छिक संहितेत सहभागी कंपन्या ग्राहकाला किमान वेगाची हमी देतात. त्याहून कमी वेगाची तक्रार तीस दिवसांत सुटली नाही, तर त्याला दंडाविना करार सोडता येतो.

कंपन्या म्हणतील, ग्राहकाच्या वाय-फायची हमी आम्ही का द्यावी? देऊ नये, मोजणी राउटरपाशी, केबलवर व्हावी. दर वाढतील, असेही म्हणतील. पण क्षमता वाढवण्याची सक्ती कुणी करत नाही. रात्री चाळीसच मिळणार असतील, तर जाहिरातीत चाळीस छापा. स्वस्त म्हणून घेणारे तरीही घेतीलच. खरी अडचण सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरलेल्या माणसाची आहे. वेग कमी असल्याचे सिद्ध करूनही तो अडकून पडतो. म्हणून प्रत्येक प्लॅनसोबत गर्दीच्या वेळचा वेग छापणे सक्तीचे करावे, तो कंपनीच्या जाळ्याबाहेरच्या सर्व्हरवर मोजलेला असावा आणि तक्रार तीस दिवसांत सुटली नाही, तर उरलेल्या मुदतीचे पैसे ग्राहकाला परत मिळावेत.

कळावे,
एक ब्रॉडबँड ग्राहक