माकडतापाचा सीमाप्रश्न

सीमाप्रश्न म्हटला की आपल्यासमोर फलकांची भाषा, शाळांची परवड आणि न्यायालयातल्या तारखा उभ्या राहतात. ते सारे खरेच आहे. पण याच सीमेवर आणखी एक प्रश्न पडून आहे आणि त्यासाठी कधी मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही. तो आहे माकडतापाचा. कन्नडमध्ये त्याला ‘मंगन कायिले’ म्हणतात. नावे दोन, रोग एकच.

राज्यपुनर्रचना झाली १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत, १९५७ साली, तत्कालीन म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली आणि रानात जाणारी माणसे तापाने फणफणू लागली. हा पीतज्वर तर नव्हे, अशी धास्ती पडली. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात होते. तिथले शास्त्रज्ञ डॉ. टेलफर्ड वर्क यांच्या नेतृत्वाखाली त्या रानात उतरले. हा पीतज्वर नसून रशियातल्या एका मेंदूज्वराच्या जातकुळीचा नवाच विषाणू आहे आणि तो गोचिडीमार्फत पसरतो, हे त्यांनी शोधून काढले. पुण्याच्या माणसांनी शिमोग्यात कशाला जावे, असे विचारून तेव्हा हातावर हात ठेवले असते, तर? सीमेची जखम त्या वेळी आजच्याहून ओली होती, हे विसरू नका.

अनेक दशके हा रोग मुख्यतः शिमोगा व आसपासच्या जिल्ह्यांत राहिला. २०१२ नंतर तो चामराजनगर, निलगिरी, वायनाड अशा भागांत दिसू लागला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात त्याने डोके वर काढले. त्याच साली काजूच्या हंगामासाठी गोव्यात गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या मजुरांनाही त्याने गाठले.

या मजुराकडे नीट पाहा, कारण सारा प्रश्न त्याच्यात आहे. घाटावर शेतीचे काम संपले की तो चोर्ला घाट उतरतो आणि काजूच्या बागेत, वाळल्या पाचोळ्यात दिवसभर बोंडे वेचतो. गोचिडीच्या बारक्या पिल्लांचा सुळसुळाटही नेमका त्याच दिवसांत असतो. गोचीड चावल्यावर ताप यायला तीन ते आठ दिवस लागतात. तेवढ्यात तो एस.टी.त बसून घरी पोहोचलेला असतो. गोचीड चावली गोव्यात, तापाने अंथरूण धरले कर्नाटकात! गावच्या डॉक्टरने त्याला मलेरिया समजावे की टायफॉइड? पालीच्या रानात माकड मेले, हे त्या डॉक्टरला कोणी सांगितले आहे काय?

मेलेले माकड ही या रोगाची पहिली दवंडी असते. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच गळून पडतात आणि ती जागा धोक्याची होते. ही बातमी त्याच दिवशी तिन्ही राज्यांच्या आरोग्य केंद्रांत पोहोचली, तर माणसे वाचतात. कारण या तापावर रामबाण औषध नाही. १९९० पासून टोचली जाणारी जुनी लस पुरेशी गुणकारी नसल्याने २०२२ मध्ये बंद झाली. आजार झालेल्या शंभरांत तीन ते पाच जण दगावतात. हाती राहते ते वेळेवरची बातमी, वेळेवरची रक्ततपासणी आणि अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल.

‘आरोग्य हा राज्याचा विषय’ ही ढाल आता कोणी पुढे करू नये. घटनेच्या समवर्ती सूचीतली २९ वी नोंद सांसर्गिक रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देण्याविषयीच आहे. घटनाकारांना हे दिसले होते. दिसत नाही ते आपल्या कारभाऱ्यांना. महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम विभागीय परिषदेत, कर्नाटक दक्षिण परिषदेत. म्हणजे ज्या तीन राज्यांचे रान एक, त्यांचे बसायचे टेबलही एक नाही!

कोणी म्हणेल, कर्नाटकाशी असे सहकार्य केले तर आपला दावा दुबळा होईल. हा युक्तिवाद पोकळ आहे. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; शिमोगा, बेळगाव, पणजी आणि ओरोस येथील डॉक्टर एकत्र बसल्याने त्यातले एक अक्षरही पुसले जाणार नाही. उलट ज्या मराठी मजुराच्या नावाने आपण घसा कोरडा करतो, तो तापाने मेला तर दावा कोणासाठी जिंकायचा?

मागणी साधी आहे. तिन्ही राज्यांच्या सीमाजिल्ह्यांतले आरोग्य, वन आणि पशुवैद्यक तज्ज्ञ यांची कायम समिती हवी. दर वर्षी हंगामापूर्वी, नोव्हेंबरात, तिची बैठक व्हावी. माकड मेल्याची खबर त्याच दिवशी तिन्हीकडे जावी. काजूच्या हंगामाला निघणाऱ्या प्रत्येक मजुराच्या हाती मराठी, कन्नड आणि कोंकणीत छापलेले आरोग्यपत्रक व तेलाची बाटली पडावी. यासाठी ना न्यायालय लागते, ना सीमा आयोग.

येत्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्याला, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो, एवढेच विचारा: सत्तरीत माकड मेले तर खानापूरला किती तासांत कळते? उत्तर येईपर्यंत त्याला दारातून हलू देऊ नका.