बरोबरची खूण कोणाची?

बरोबरच्या खुणेवर वार्षिकांकात लेख लिहावा इतके तिच्यात काय आहे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल, हे मी जाणून आहे. एक आखूड रेघ खाली, एक लांब रेघ वर, झाली खूण. पहिलीतल्या मुलालाही ती जमते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आपल्या प्राध्यापकांच्या लाल पेनातून ती दरवर्षी हजारोंनी उतरते (आमच्या वाट्याला त्यांतल्या किती येतात हा प्रश्न वेगळा!), आणि ती काढण्यासाठी आजवर कोणी कोणाची परवानगी मागितलेली नाही.

परंतु हीच खूण कागदावरून संगणकावर गेली, की तिच्याभोवती दोन प्रश्न उभे राहतात. ती नेमकी काय आहे, अक्षर की चित्र? आणि ती कोणाची आहे? स्नेहसंमेलनाची पत्रिका असो, रासेयो शिबिराचा फलक असो की मतदार जागृतीचे भित्तिपत्रक, आपल्यापैकी कोणीतरी मोबाइलवर शोध घेतो, हिरवीगार खूण उचलतो आणि चिकटवून मोकळा होतो. त्यावर दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, इंटरनेटवर आहे ते सगळे फुकट. दुसरा म्हणतो, कशालाही हात लावू नका, उद्या नोटीस येईल. माझ्या मते हे दोन्ही पक्ष सारखेच आळशी आहेत. दोघांनाही शोध घ्यायचा नाही.

आधी तांत्रिक बाजू पाहू. ही खूण छापखान्याच्या खिळ्यांत पूर्वीपासून असे. जर्मन अक्षररचनाकार हेर्मान झाफ यांनी खुणा, फुल्या, चांदण्या व बाण यांचा संच रेखाटला आणि तो १९७८ साली त्यांच्याच नावाने बाजारात आला. पुढे जगातील सर्व लिप्यांना एकेक क्रमांक देणारी युनिकोड ही व्यवस्था आली, तेव्हा त्या संचातील खुणांनाही क्रमांक मिळाले. साध्या बरोबरच्या खुणेचा क्रमांक दशमान पद्धतीने १०००३. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की क्रमांक सर्वांचा असतो, आकार मात्र ज्याच्या त्याच्या फाँटचा. म्हणून एकाच संदेशातली खूण तुमच्या फोनवर जाड दिसते आणि मित्राच्या फोनवर बारीक.

या क्रमांकाला बगल दिली की काय होते, ते डीटीपीच्या दुकानात बसलेल्या कोणालाही विचारा. 'विंगडिंग्ज टू' नावाच्या फाँटमध्ये इंग्रजी मोठा 'पी' दाबला की बरोबरची खूण उमटते. आपल्या पडद्यावर सारे सुरेख दिसते. फाइल छापखान्यात जाते, तेथे तो फाँट नसतो, आणि यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एकेक 'पी' उभा राहतो. जुन्या मराठी फाँटांत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताच इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो, तो याच कारणाने.

आपल्या महाराष्ट्रातच याचे ठळक उदाहरण घडले. पवईच्या आयआयटीत संशोधन करणारे डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले रुपयाचे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. चिन्ह मिळाले, पण ते टंकायचे कसे? लोकांना धीर नव्हता. मंगळूरच्या एका कंपनीने लगोलग फाँट काढला आणि त्यात क्वचितच वापरल्या जाणाऱ्या उलट्या स्वरचिन्हाच्या कळीवर रुपया बसवला. ज्याच्याकडे तो फाँट नाही, त्याला रुपयाच्या जागी ते फुटकळ चिन्हच दिसे! त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीने रुपयाला त्याचा स्वतःचा क्रमांक दिला, तेव्हा कोठे तो खऱ्या अर्थाने चलनात आला.

खूण चित्र म्हणून घेतली तर वेगळी पंचाईत. रंगीत फलकावर खुणेमागे पांढरा चौकोन उमटलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. जेपीजी प्रकारच्या चित्राला पारदर्शक पार्श्वभूमी ठेवता येत नाही, पीएनजीला येते. लहान चित्र फ्लेक्सवर ताणले की त्याच्या कडांना पायऱ्या पडतात, कारण ते ठिपक्यांचे बनलेले असते. रेषांच्या गणितावर बेतलेले एसव्हीजी चित्र कितीही मोठे करा, कड कायम राहते.

आता कायदा. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्र कलात्मक दर्जाचे असो वा नसो, तो त्याला 'कलाकृती' मानतो. पण ती मूळची, म्हणजे कर्त्याची स्वतःची असली पाहिजे. 'मूळची' म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात २००७ साली निर्णय दिला. वाद न्यायनिर्णयांच्या संपादित प्रतींचा होता. केवळ घाम गाळला म्हणून हक्क मिळत नाही, किमान काही सर्जकता हवी, असे न्यायालयाने म्हटले. या मापाने दोन रेघांची उघडी खूण कोणाचीच ठरू नये. तिच्यावर हक्क सांगणारा उद्या अधिक-उण्याच्या चिन्हावरही हक्क सांगेल. पण त्याच खुणेला कोणी कुंचल्याचा फटकारा दिला, छायेने उठाव आणला, तिच्यातून पान किंवा पक्षी काढला, तर ते रेखाटन त्याचे झाले. त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. 'क्रिएटिव्ह कॉमन्स'सारखे परवाने देऊन अनेक चित्रकार आपले काम वापरायला मोकळे करतात. त्यांची अट बहुधा एकच असते, आमचे नाव द्या. ती एवढी एक ओळ छापायला आपल्याला जड का जावी, हे मला कळत नाही.

आणि उघडी खूण मोकळीच राहिली पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणतो. खूण सर्वांना सारखी दिसली आणि सारखी कळली, तरच ती खूण. यवतमाळ जिल्ह्याला हे सांगायला नको. कीटकनाशकाच्या डब्यावर तिरपा चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग लाल, पिवळा, निळा की हिरवा यावरून विष किती जहाल ते कळते. १९७१ च्या नियमांनी ठरवलेली ही खूण प्रत्येक कंपनीने जशीच्या तशी छापायची असते. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. डब्यावर खूण छापलेली असणे आणि फवारणाऱ्या मजुराला ती वाचता येणे यांत किती अंतर आहे, ते त्या वर्षी दिसले. उद्या कोणी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हे चार रंग रंगवून त्यांचा अर्थ लिहायला निघाला, तर 'हे चित्र कोणाचे, चालेल का?' असे विचारून त्याला अडवण्यात कसला कायदेशीरपणा?

खुणेचा अर्थही सगळीकडे एक नसतो, हे जाता जाता सांगितले पाहिजे. स्वीडन-फिनलंडमध्ये शिक्षक ही खूण चुकीच्या उत्तरापुढे करतात. जपानात बरोबर उत्तराला वर्तुळ मिळते. इतके लांब तरी कशाला जा? अमरावती शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीत आपल्या प्राध्यापकांना पसंतीक्रम आकड्यांनीच लिहावा लागतो. आयुष्यभर बरोबरच्या खुणा करणाऱ्या हाताने तेथे सवयीने तीच खूण केली, की मत बाद!

अगदी अशाच खुणेने एका विद्यार्थिनीला काय दिले, तेही ऐकण्यासारखे आहे. १९७१ साली अमेरिकेत पोर्टलंड येथे शिकणाऱ्या कॅरोलिन डेव्हिडसन यांनी बुटांच्या एका नव्या कंपनीसाठी बरोबरच्या खुणेसारखा वळणदार फटकारा काढून दिला. मोबदला मिळाला पस्तीस डॉलर. ती कंपनी म्हणजे नायकी. कंपनीने १९८३ साली त्यांना सोन्याची अंगठी व काही समभाग दिले, हे खरे. पण ते कंपनीच्या मर्जीने. आज तो फटकारा नोंदलेले व्यापारचिन्ह आहे, आणि बुटावर तो उमटवण्याची मुभा दुसऱ्या कोणाला नाही. उदय कुमारांना स्पर्धेचे अडीच लाख रुपये मिळाले. त्यांचे नाव मात्र देशाला पहिल्या दिवशीच कळले. मला या दोन प्रसंगांतला फरक पैशापेक्षा नावाचा वाटतो. आपल्या कायद्याच्या ५७व्या कलमानुसार कर्त्याने सारे हक्क विकले तरी 'ही कृती माझी आहे' असे म्हणण्याचा त्याचा अधिकार जात नाही.

आपल्याकडील वार्षिकांकांत कवितेखाली कवीचे नाव येते, वर्गासह येते. कवितेशेजारची वेल, लेखाच्या शेवटी काढलेली चिमणी, विभागाच्या पानावरचे अक्षरलेखन यांच्याखाली काही नसते. ती कोणीतरी रात्र जागून काढलेली असतात, नाहीतर कोठून तरी उचललेली असतात. आणि वाचकाला दोहोंतला भेद कळायला मार्ग नसतो. संपादक मंडळापुढे माझी मागणी साधी आहे. पुढील अंकापासून अनुक्रमणिकेच्या मागच्या पानावर एक चौकट ठेवावी. आपल्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या प्रत्येक रेखाटनापुढे नाव व वर्ग. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक चित्रापुढे कर्ता व परवाना. कोणते फाँट वापरले, तेही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हा देवनागरी फाँट खुल्या परवान्यावर उपलब्ध आहे. तो घेतला तर युनिकोडचा आणि परवान्याचा, दोन्ही प्रश्न मिटतात. या चौकटीला अर्धे पान पुरेल. जागा कमी पडत असेल, तर दरवर्षी पानभर छापल्या जाणाऱ्या मान्यवरांच्या शुभेच्छांतून ती काढता येईल.