कुंपणाच्या आतबाहेर

इंग्रजी शब्दकोश चाळण्याचा मला नाद आहे. पुष्कळांना तो रिकामटेकडा वाटतो. त्यांनी खुशाल फराळाकडे वळावे. एखाद्या शब्दाचे मूळ सापडले की जी चव लागते ती चकलीतही नाही, असे आपले माझे मत. यंदा मी कुंपणाच्या मागे लागलो आहे. इंग्रजीतल्या कितीतरी शब्दांच्या पोटात ते दडून बसले आहे.

'टाउन'च घ्या. आपल्याला त्यात दिवे, दुकाने आणि गर्दी दिसते. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'टून', आणि अर्थ कुंपण घातलेली जागा, कुणाची तरी शेतवाडी. त्याच कुळातला जर्मन शब्द आजही नुसत्या कुंपणाला लावतात आणि डच शब्द बागेला. एकाने वई धरली, दुसऱ्याने वईच्या आतली फुले, तिसऱ्याने माणसे! आपली 'वाडी' तरी निराळी काय आहे? संस्कृतात 'वाट' म्हणजे वेढलेली जागा. त्यातूनच नारळीपोफळीची वाडी निघाली आणि सावंतवाडीही.

'गार्डन' आणि 'यार्ड' हे असेच चुलतभाऊ. पण खरी मौज 'पॅराडाइज'ची. अवेस्तेत शब्द आहे 'पइरि-दएझ', म्हणजे भोवती रचलेला तट. 'पइरि' हा आपल्या 'परिसरा'तला 'परि'. आणि 'दएझ' ज्या धातूतून आला, त्याच धातूतून आपला 'देह' आला. मातीचे लिंपण करून उभी राहते ती भिंत, आणि तसाच घडतो तो देह! इराणी राजांच्या तटबंद उपवनांबद्दल लिहिताना झेनोफन या ग्रीक लेखकाने हा शब्द वापरला. पुढे हिब्रू बायबल ग्रीकमध्ये उतरवणाऱ्यांनी तोच एदेनच्या बागेला लावला, आणि तेथून त्याने थेट स्वर्ग गाठला. आपल्या ओळखीचा 'फिरदौस' तो हाच. तेव्हा स्वर्गाचा आरंभ भिंतीपासून झाला. बाहेर कुणी ताटकळत नसेल तर आत स्वर्ग कसला!

इथवर गोड झाले. 'एन्क्लोजर' हा शब्द मात्र कडू आहे. इंग्लंडात गावोगावी सामाईक कुरणे आणि खुली शेते होती. गरिबाची गाय तिथे चरे, त्याची म्हातारी तिथेच सरपण वेची. पार्लमेंटने कायदे करून या जमिनी एकेका मालकाच्या कुंपणात घातल्या. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यांखाली आली. इंग्लंडच्या एकपंचमांशाहून थोडी अधिकच! कुंपणाने शेत खाल्ल्याची म्हण आपली, पण ती अक्षरशः खरी केली इंग्रजांनी. हेल्पस्टन गावच्या जमिनींसाठी असा कायदा १८०९ मध्ये झाला. त्या गावचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर याने आपल्या ओळखीच्या वाटा बंद झाल्याचे दुःख कवितांतून मांडले आहे.

आणि 'पेल'? लॅटिन 'पालुस' म्हणजे जमिनीत ठोकलेली मेख. अशा मेखांची रांग ती पेल. मध्ययुगाच्या अखेरीस आयर्लंडात डब्लिनभोवतालच्या इंग्रजी अंमलाच्या पट्ट्याला हेच नाव होते. त्यापलीकडचे आयरिश लोक इंग्रजांच्या लेखी रानटी. उलट रशियात १७९१ पासून १९१७ पर्यंत जी पेल होती, तिच्या आतच ज्यूंनी राहायचे, थोडे अपवाद सोडून बाहेर वस्ती करायची नाही. एकीकडे बाहेर असणे हा कलंक, दुसरीकडे आत असणे हीच शिक्षा. मेखा त्याच, त्या ठोकणारा कोण, एवढाच काय तो प्रश्न.

'बियॉण्ड द पेल' याचा अर्थ आपण 'मर्यादेबाहेर' असा करून मोकळे होतो. मराठीत याहून नेमका शब्द आहे: गावकुसाबाहेर. तो आपल्याला आठवत नाही, की आठवायला नको असतो? फरक एवढाच, की इंग्रज माणूस ज्याला पेलबाहेर काढतो त्याने काहीतरी वागणूक तरी वाईट केलेली असते. आपल्या गावकुसाबाहेरच्या माणसाने नुसता जन्म घेतलेला होता. तटाच्या आतली विहीर त्याची नव्हती, देऊळ त्याचे नव्हते; गाव झाडायची पाळी मात्र त्याचीच.

'हेज' राहिलाच. हेज म्हणजे झाडाझुडपांचे जिवंत कुंपण. आयर्लंडात १६९५ च्या कायद्याने कॅथलिकांना शाळा चालवण्याची बंदी झाली. तेव्हा तिथले मास्तर उघड्यावर, शेताच्या कुंपणाच्या आडोशाला पोरे गोळा करून शिकवू लागले. एखादे पोर रस्त्यावर नजर ठेवायला बसवीत. या शाळांना 'हेज स्कूल' म्हणू लागले. १७८२ मध्ये ती बंदी सैल झाली. शाळा गोठ्यांत, झोपड्यांत, छपराखाली भरू लागल्या, तरी लोक त्यांना म्हणत राहिले ते कुंपणाच्या शाळा असेच.