चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

आमच्या धंद्यातलं सगळ्यात महाग वाक्य कुठलं असं कुणी विचारलं, तर मी लगेच सांगेन: "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं. म्हणणारा माणूस वयाने, हुद्द्याने मोठा असतो. आणि खोलीतले सगळे माना डोलावतात. आज या वाक्याशी जाहीर भांडण करायचं आहे.

आधी नातेवाईक मंडळींसाठी थोडक्यात (ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं). सर्व्हर म्हणजे एक दणकट कॉम्प्युटर. पूर्वी एका कामाला एक सर्व्हर असायचा. हिशेबाला एक, ईमेलला एक, हजेरीला एक, आणि प्रत्येकाची निम्म्याहून जास्त ताकद दिवसभर पडून. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे त्या एका दणकट कॉम्प्युटरचा वाडा करायचा आणि त्यात पाच-पंधरा बिऱ्हाडं बसवायची. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं, आपलं घर स्वतंत्र आहे. मधल्या भिंती, पाणी-विजेची वाटणी, कुणाचं दार कुठे, हे बघणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायजर. त्याच्या जोडीला बॅकअप, नेटवर्क, सगळा कारभार बघायची खिडकी असं सगळं आलं की झाला प्लॅटफॉर्म. वाड्याची भिंत पडली तर नुकसान एका बिऱ्हाडाचं होत नाही, सगळ्यांचं होतं. एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. पुढच्याच महिन्यात कायमचे परवाने विकणं बंद झालं. वापरायचं तर वर्षाची वर्गणी भरा. फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसएक्सआयची फुकट आवृत्तीही बंद झाली (ती एप्रिल २०२५ मध्ये परत आणली, पण तोवर लोकांचा विश्वास उडाला होता). तेव्हापासून मला येणाऱ्या फोनांमध्ये एकच प्रश्न असतो, "ओपन सोर्समध्ये फुकट आणि चांगलं काय आहे?"

माझा या प्रश्नालाच विरोध आहे.

फुकट काय हे विचारणारा माणूस निवड एकदाच करायची आहे असं धरून चालतो. बसवलं की झालं! पण प्लॅटफॉर्म म्हणजे कपाट नव्हे. ते कोकणातल्या कौलारू घरासारखं असतं. पावसाआधी शाकारणी करावीच लागते, आणि घर विकत घेतानाच विचारायचं असतं की छपरावर चढणार कोण. "पुढच्या आवृत्तीवर मला कोण नेणार, किती वेळात, आणि नाही जमलं तर इथून बाहेर कसं पडायचं?" हा खरा प्रश्न. निवड आणि अपग्रेड हे दोन निर्णय नाहीतच. तो एकच निर्णय आहे.

ओपन सोर्स म्हटलं की जन्माची निश्चिंती, असंही कुणी समजू नये. झेनचंच बघा. केंब्रिज विद्यापीठात जन्मलेला हा हायपरव्हायजर. त्याच्याभोवती उभी राहिलेली झेनसोर्स कंपनी सिट्रिक्सने २००७ मध्ये घेतली. २०१३ मध्ये सिट्रिक्सने झेनसर्व्हर पूर्ण खुला केला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डिसेंबर २०१७ मध्ये ७.३ आवृत्ती आली आणि तोवर फुकट मिळणाऱ्या कितीतरी सोयी पैसेवाल्या आवृत्तीत गेल्या. फुकटवाल्यांनी फार तर तीन यंत्रांचा समूह करायचा, असं बंधन आलं. रेड हॅटचं पाहा. केव्हीएम लिहिणारी क्युमरानेट त्यांनी २००८ मध्ये घेतली, त्यावर ओव्हर्ट आणि स्वतःचं विकाऊ उत्पादन उभं केलं, आणि पुढे ४.४ ही त्या उत्पादनाची शेवटची आवृत्ती असं सांगून गिऱ्हाइकांना ओपनशिफ्टचा रस्ता दाखवला. व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्सनेही २००८ मध्ये ओपनव्हीझेड कंटेनर घेऊन सुरुवात केली आणि २०१५ मध्ये आवृत्ती ४ ला ते काढून एलएक्ससी आणलं. ज्यांची बिऱ्हाडं ओपनव्हीझेडमध्ये होती त्यांना हलवावीच लागली.

मग ओपन सोर्सचा फायदा काय? फायदा आहे, आणि मोठा आहे. झेनसर्व्हरचे दरवाजे आवळले तेव्हा मूळ कोड खुला होता, म्हणून फ्रान्सच्या ग्रनोबलमधल्या लोकांनी २०१८ मध्ये वर्गणी गोळा करून एक्ससीपी-एनजी उभं केलं, आणि झेनसर्व्हरवाल्यांना तिकडे जाता आलं. म्हणजे ओपन सोर्स तुम्हाला काय देतं, तर बाहेर पडायचा दरवाजा. पण त्या दरवाजातून चालत जायचं तुम्हालाच! जो माणूस सहा-सहा वर्षं जागचा हलत नाही, त्याला दरवाजा उघडा असला काय आणि बंद असला काय, सारखंच. परवान्यात मिळालेलं स्वातंत्र्य तो वापरतच नाही. त्याने स्वतःच स्वतःला कुलूप घातलेलं असतं.

म्हणून निवडताना सोयींचा तक्ता बाजूला ठेवा आणि कॅलेंडर उघडा. प्रॉक्समॉक्स डेबियनवर उभं आहे. डेबियनची नवी आवृत्ती आली की त्याचीही येते. आठवी जून २०२३ मध्ये आली आणि सातवीची मुदत जुलै २०२४ मध्ये संपली. नववी ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि आठवीला ऑगस्ट २०२६ पर्यंतचा वेळ दिला. म्हणजे साधारण दर दोन वर्षांनी शाकारणी, आणि ती उरकायला एक वर्ष. उलट एक्ससीपी-एनजीची ८.२ ही लांब मुदतीची आवृत्ती नोव्हेंबर २०२० पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत सांभाळली गेली. दोन्ही बरोबर आहेत. तुमच्याकडे दर दोन वर्षांनी एक शनिवार-रविवार आणि एक जाणता माणूस आहे का, हे मात्र तुम्ही ठरवायचं. नसेल तर सोयी कितीही असोत, तो प्लॅटफॉर्म तुमचा नाही.

आता "हात कशाला लावायचा"वाल्यांचं म्हणणंही नीट ऐकू या, कारण त्यांची भीती खोटी नाही. अपग्रेडमध्ये गोष्टी मोडतात. प्रॉक्समॉक्स ५ वरून ६ वर जाताना, २०१९ मध्ये, समूहातली यंत्रं एकमेकांशी ज्यातून बोलतात ते कोरोसिंक बदललं. आधी सगळ्या यंत्रांवर ते नवं करून घ्यायचं आणि मगच पुढचं, असा क्रम होता. क्रम चुकला की समूह विस्कटला. २०२१ च्या आवृत्ती ७ मध्ये सेंटओएस ७ किंवा उबंटू १६.०४ चे जुने कंटेनर नेहमीच्या सेटिंगवर चालेनात. नव्या कर्नलबरोबर नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं आणि सर्व्हर चालू असूनही कुणालाच दिसत नाही, हा अनुभव तर अनेकांनी घेतलाय.

पण गंमत अशी की यातली प्रत्येक गोष्ट आधीच लिहून ठेवलेली होती. प्रत्येक मोठ्या अपग्रेडची पायरी-पायरीने लिहिलेली सूचना असते, आणि आधी चालवायचा एक तपासणीचा प्रोग्रॅमही असतो. तो काहीही बदलत नाही, फक्त काय अडेल ते सांगतो. जुन्या कंटेनरांसाठी २०२१ मध्ये एक पळवाट ठेवली होती, ती नवव्या आवृत्तीत, २०२५ मध्ये, बंद झाली. म्हणजे चार वर्षं सांगून! सूचना न वाचता बसायचं, आणि मग ओपन सोर्सला नावं ठेवायची, हे काही खरं नाही.

आणि हात न लावण्याची किंमत? फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयवर खंडणीखोरांचा मोठा हल्ला झाला, जगभरातले हजारो सर्व्हर कुलूपबंद झाले. त्यात मुख्यतः ज्या भोकाचं नाव पुढे आलं, ते बुजवणारी दुरुस्ती कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्येच दिली होती. दोन वर्षं! सगळं चालत होतं, म्हणून कुणी हात लावला नव्हता. आमची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही बरं का. २०१५ मध्ये व्हेनम नावाचं भोक सापडलं, क्यूएमूच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये. फ्लॉपी! जी कुणी वर्षानुवर्षं पाहिलेलीही नाही. त्यातून एका बिऱ्हाडातला माणूस भिंत फोडून अख्ख्या वाड्यात शिरू शकत होता. केव्हीएम आणि झेन दोघांनाही त्याची झळ. दुरुस्ती लगेच आली, पण ती लावणाऱ्यालाच मिळाली.

शिवाय हे व्याजासारखं चढतं. सहावीवरून थेट नववीवर उडी मारता येत नाही. सातवी, आठवी, नववी असं एकेक पायरीनेच जावं लागतं. टाळलेला प्रत्येक अपग्रेड पुढच्या खात्यात जमा होतो.

गेल्या वर्षी एका शिक्षणसंस्थेने मला बोलावलं होतं. वाड्यात प्रॉक्समॉक्स ५, ज्याची मुदत जुलै २०२० मध्ये संपलेली. त्यावर विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका, फी, शिक्षकांचे पगार. बसवणारा मुलगा चांगली नोकरी मिळून कधीच निघून गेला होता, पासवर्ड एका वहीत. चार पायऱ्या चढण्यापेक्षा अशा वेळी मी नवीन यंत्रावर कोरी आवृत्ती बसवून बॅकअपमधून बिऱ्हाडं हलवते. पण बॅकअप होता त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर. पदाधिकारी म्हणाले, "बघा मॅडम, फुकटातलं असंच असतं." मी विचारलं, इमारतीच्या रंगाला अंदाजपत्रकात रक्कम असते का? असते. लिफ्टच्या देखभालीला? अर्थातच. सर्व्हरच्या देखभालीला? त्यावर चहा मागवला गेला.

हा प्रश्न आळसाचा नाही, पैसे कशावर घालायचे याच्या समजुतीचा आहे. आणि यात आमची बिरादरीही तितकीच दोषी आहे. मांडव घालायचा, बिल लावायचं, पुढच्या लग्नाला पळायचं. अपग्रेडची तारीख लिहून न देता सर्व्हर बसवून देणं याला मी काम पूर्ण झालं असं म्हणणार नाही. प्रॉक्समॉक्समध्ये लॉगिन केलं की "वर्गणी नाही" असा निरोप येतो. तो घालवायची युक्ती शोधायला लोक जेवढी तत्परता दाखवतात, त्याच्या निम्म्याने जरी बॅकअप परत उघडून बघितला असता ना! सगळ्यात खालची वर्गणी वर्षाला एका प्रोसेसरमागे शंभर-सव्वाशे युरोंच्या आसपास आहे. दिवाळीच्या भेटवस्तूंवर त्याहून जास्त खर्च होतो.

मागणी फार नाही. दोन यंत्रं अशी घ्या की एक रिकामं करून सगळी बिऱ्हाडं दुसऱ्यावर मावतील. मग एक-एक करून शांतपणे अपग्रेड करता येतं. (दोनच असतील तर कौल लागायला तिसरं मत हवं, त्याला एखादा छोटासा कॉम्प्युटरही पुरतो.) बॅकअप दुसऱ्या जागी ठेवा आणि वर्षातून दोनदा तो खरंच उघडतो का ते बघा. अपग्रेडची तारीख वार्षिक सभेच्या तारखेसारखी आधी ठरवा. काय केलं ते लिहून ठेवा, म्हणजे करणारा माणूस गेला तरी कळतं.

यातलं काही जमणार नसेल, तर सरळ पैसे देऊन दुसऱ्याच्या वाड्यात भाड्याने राहा. त्यात कमीपणा काहीच नाही. पण स्वतःचा वाडा हवा, तो फुकट हवा, आणि छपरावर कुणी चढायलाही नको, हे तिन्ही एकदम मिळणार नाही.

असो. बरंच मोठं झालं. पुढच्या वेळी तुमच्या संस्थेत, पतपेढीत, सोसायटीत कुणी म्हणालं, "चालतंय ना?", तर मान डोलावू नका. "कुठल्या आवृत्तीवर चालतंय, आणि तिची मुदत कधी संपते?" एवढंच विचारा. उत्तर देणारा माणूस सापडला नाही, तर तुम्हाला हवं ते कळलंच.