पहिली गाडी जुनी असावी काय?

आमच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये १९८५ सालची एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. वस्तीवर तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही; लहानथोर सगळे 'फियाट'च म्हणतात. माझे वडील, म्हणजे आमचे आबा, सातवीपर्यंत शिकले आणि पुढे बावीस वर्षे एका डॉक्टरांकडे हीच गाडी चालवीत राहिले. दीड वर्षापूर्वी डॉक्टर मुलाकडे पुण्याला राहायला गेले. जाताना त्यांनी पस्तीस हजारांत ती आबांना दिली. आबांनी चावी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "पोरी, अठरा पुरी झाली तुला. लायसन काढ. आता कालिजला हिच्यातनं जायाचं."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि आमच्या दारात आलेली मोटारही पहिलीच. आईने नारळ फोडला, चाकांना हळदकुंकू वाहिले. अशा गाडीविरुद्ध लिहिणे म्हणजे कृतघ्नपणा वाटेल, हे मी जाणून आहे. तरीही अलीकडे माझ्या वर्गातील मुलामुलींना जुन्या फियाटची, येझदीची, राजदूतची जी ओढ लागली आहे, ती पाहून हे लिहावेसे वाटले.

या गाडीचे आणि आपल्या भागाचे नाते जुने आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा. नीरेच्या पलीकडे, इंदापूर तालुक्यात, त्यांच्या नावाचे वालचंदनगर आजही उभे आहे. त्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. एके काळी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी, तेव्हा मोटार मिळायची. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत तर ती इतकी मुरली, की ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला. तेव्हा या गाडीचा अभिमान वाटणे गैर नाही.

जुन्या गाडीच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ती स्वस्तात मिळते. तिचे बॉनेट उघडले की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, फॅनबेल्ट सारे डोळ्यांना दिसते, हाताला लागते. आबांनी मला प्लग साफ करायला, पॉइंटचे अंतर लावायला शिकवले. इंजिन म्हणजे काय हे मला कोणत्याही पुस्तकापेक्षा या गाडीने जास्त समजावले. शिवाय ती हळू चालते. मुलांच्या अंगात वारे भरू देत नाही. हे सारे खरे आहे.

पण एक गोष्ट गेल्या जानेवारीत कळली. उसाचा हंगाम जोरात होता. आजीला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आम्ही वेळापूरच्या रस्त्याने घरी निघालो होतो. दिवस मावळत आला होता. शिकाऊ लायसनवर गाडी मी चालवीत होते, आबा शेजारी होते. पुढे ट्रॅक्टरला जोडलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या चालल्या होत्या. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. मला त्या दिसल्या तेव्हा फार उशीर झाला होता. मी ब्रेक दाबला, तो खोल गेला. पुन्हा दाबला, तेव्हा गाडी डावीकडे ओढू लागली. आबांनी एका हाताने हँडब्रेक ओढला, दुसऱ्याने स्टिअरिंग धरले. गाडी थांबली तेव्हा उसाची वाढी काचेपासून हातभर अंतरावर होती. मागे आजी "विठ्ठला, विठ्ठला" करीत होती. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझी चूक न्हाई. हिचा बिरेक दोनदा दाबावा लागतो, ते माझ्या पायाला ठावं हाय."

वाचकहो, माझे सगळे म्हणणे आबांच्या या एका वाक्यात आले आहे. जुनी गाडी चालवायला जुना पाय लागतो. बावीस वर्षांत आबांचे शरीर त्या गाडीचा एकेक दोष शिकले आहे. माझ्या पायाला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. शिकणारा माणूस चुकणारच. त्याच्या गाडीने त्याची चूक पोटात घातली पाहिजे. पद्मिनीच्या चारी चाकांना ड्रमब्रेक आहेत. एअरबॅग नाही, चाक घसरू न देणारी एबीएस नाही. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली, ती काही हौसेसाठी नव्हे. 'हळू चालते म्हणून सुरक्षित' असे म्हणणाऱ्यांनी हंगामात आपल्या रस्त्यावर संध्याकाळी एकदा येऊन पाहावे. वेग आपल्या हाती असतो. पुढची ट्रॉली आपल्या हाती नसते.

दुसरा प्रश्न पैशाचा. मी वहीत हिशेब ठेवला आहे. पस्तीस हजारांच्या गाडीला वर्षभरात सत्तावीस हजार लागले: क्लचप्लेट, रेडिएटर, ब्रेकचे सिलिंडर, पेट्रोलपंपाचा पडदा. सुटा भाग पुण्याहून येईपर्यंत गाडी शेडमध्ये, आणि मी एसटीच्या थांब्यावर! वर्षभरात मी तिच्यातून कॉलेजला आले ते मोजून एक्केचाळीस दिवस. पेट्रोलची गंमत तर निराळीच. २०२५ सालापर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. हे इथेनॉल आपल्यासारख्याच भागातील उसापासूनही निघते. त्यात शेतकऱ्याचे भले आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. पण पद्मिनीच्या रबरी नळ्या, पडदे इथेनॉलसाठी घडवलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. आमच्याच शेतातला ऊस आमच्याच गाडीची नळी खातो!

कागदपत्रांचेही तसेच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते, वर पर्यावरण कर. १५ वर्षांवरच्या मोटारीचे फेरनोंदणी शुल्क २०२२ साली ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि २० वर्षांवरच्या मोटारीसाठी २०२५ साली ते १०,००० करण्यात आले. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षे पुरी केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. आमची गाडी चाळिशीतली. ती ना नव्यांत, ना पुराणवस्तूंत.

श्रीमंत घरातल्या मुलाची पहिली गाडी ही त्या घरातली चौथी गाडी असते. ती बंद पडली तर तिघी उभ्या असतात. तिथे जुनी गाडी हौस म्हणून शोभते. आमच्यासारख्यांच्या घरात मुलाची पहिली गाडी हीच घराची पहिली गाडी असते. परीक्षेला तीच, दवाखान्याला तीच, रात्री-अपरात्री बाळंतिणीला न्यायलाही तीच. तिने हौस पुरवली नाही तरी चालेल, पण वेळेवर थांबले पाहिजे आणि वेळेवर निघाले पाहिजे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की शिकणाऱ्याच्या हाती पहिली गाडी चार-सहा वर्षे वापरलेली, साधी, ब्रेक चांगले असलेली आणि सुटे भाग अकलूजमध्येच मिळणारी असावी. मग ती दुचाकी असो की मोटार. दुचाकी असेल तर हेल्मेटचे पैसे गाडीच्या किमतीतच धरावेत. जुन्या गाडीवर प्रेम जरूर करावे, तिच्यावर हात काळे करून विद्या शिकावी. पण आपला नवशिका जीव तिच्या भरवशावर टाकू नये.

हे मी आबांना सांगितले तेव्हा ते रागावतील असे वाटले होते. ते शेडकडे पाहत म्हणाले, "बरं. तुला दुसरी बघू. पर हिला इकायची न्हाई." मलाही तेच हवे होते. दुसरी गाडी अजून आलेली नाही, पैसे साठवणे चालू आहे. मी एसटीने येते. रविवारी मात्र आबा फियाट बाहेर काढतात, मी पाने घेऊन त्यांच्या शेजारी बसते. चालवतात मात्र तेच.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला