कुलूपबंद फ्लॅट आणि डेंग्यूचा डास

आंबा घाट उतरून रत्नागिरी-गणपतीपुळ्याकडे समुद्राकाठी फ्लॅट घेतलेले कोल्हापूरकर बरेच आहेत. मे महिना संपला की या फ्लॅटना कुलूप लागते. मग दिवाळीपर्यंत सोसायटीत उरतात ती वॉचमनचे कुटुंब आणि दोन-चार निवृत्त जोडपी.

डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी साचलेल्या स्वच्छ पाण्याजवळ अंडी घालते. गॅलरीतल्या कुंडीखालची ताटली, विसरलेली बादली, न वापरलेला कमोड तिला पुरतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा असतो. पण कुलपाआडचे पाणी ओतणार कोण? डास आपल्या फ्लॅटमध्ये वाढतो आणि चावतो तो तिथे बारमाही राहणाऱ्यांना.

मेंटेनन्स भरला म्हणजे जबाबदारी संपली, असे नाही. निघताना भांडी पालथी घाला, टाकीचे आणि कमोडचे झाकण घट्ट लावा. एक किल्ली तिथल्या विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवा आणि दर आठवड्याला त्यांना फोन करा. पाण्याची चौकशी होईल, त्यांचीही होईल.